पंचवीसच्या आतली गाडी : ना लायसन्स, ना नंबर, ना विमा. मग धडक बसली तर?

(ताज्या भागाचा लेखी मजकूर. रेकॉर्डिंग जुलै २०२५ च्या पहिल्या आठवड्यातलं. बोलताना झालेली 'अं', 'म्हणजे' वगैरेंची गर्दी थोडी कमी केली आहे, बाकी जसं बोललो तसंच.)

हेडफोन लावून गाडी चालवत असाल तर आधी गाडी बाजूला घ्या, मग ऐका. आजचा विषयच तसा आहे.

आज बोलायचंय ई-स्कूटरबद्दल. म्हणजे ती छोटी, लायसन्स न लागणारी. 'लो-स्पीड' म्हणतात ती. तुमच्यापैकी बऱ्याच जणांकडे असेल. क्लासला जायला, डबे पोचवायला, ऑर्डरी टाकायला. मी यावर का बोलतोय ते आधी सांगतो, कारण हा विषय मी निवडलेला नाही, तो आमच्या घरात घुसला.

फेब्रुवारीतली सकाळ

आम्ही पुण्यात कर्वेनगरला राहतो. फेब्रुवारीत एका सकाळी बाबा दूध आणायला खाली उतरले. सोसायटीच्या गेटबाहेरचं वळण. मागून ई-स्कूटर आली. आवाज नाही, काही नाही. बाबा पडले ते थेट कमरेवर. वय ६४. खुब्याचं हाड मोडलं.

गाडीवर कोण होता? आमच्याच बिल्डिंगमधला, तिसऱ्या मजल्यावरचा मुलगा. वय चौदा. त्याची आई डबे करते, आम्ही तिला वहिनी म्हणतो. वीस-बावीस डबे असतात तिचे, आणि शाळेआधी मुलगा पाच-सहा पोचवून येतो. त्याच्या हाताला खरचटलं, हेल्मेट नव्हतंच. रडत रडत तोच वर पळत आला, "दादा, आजोबा पडले!"

ऑपरेशन झालं. बिल झालं दोन लाख चाळीस हजार. बाबांच्या मेडिक्लेममधून दीड लाख आले. उरले नव्वद हजार.

मग मी साहजिकच विचारलं, "वहिनी, गाडीचा इन्शुरन्स असेल ना?" ती म्हणाली, "अहो भाऊ, या गाडीला इन्शुरन्स लागतच नाही. दुकानवाल्याने सांगितलंय. लायसन्स नको, नंबर नको, काहीच नको."

मला वाटलं, दुकानदाराने गंडवलं असणार. घरी येऊन नियम वाचायला बसलो. आणि मंडळी, दुकानदाराचं हे एक वाक्य खरं होतं.

'मोटार वाहन' नसलेली गाडी

आपल्याकडे केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ आहेत. त्यातल्या नियम २ मध्ये बॅटरीवर चालणाऱ्या वाहनाची व्याख्या दिली आहे आणि तिथेच एक सूट आहे. मोटरची ताकद २५० वॅटपेक्षा कमी, कमाल वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी, बॅटरी सोडून वजन ६० किलोपर्यंत, ब्रेक ठीक, पुढे पांढरा आणि मागे लाल रिफ्लेक्टर. सरकारमान्य चाचणी संस्थेने हे तपासून प्रमाणपत्र दिलं, की ती गाडी कायद्याच्या भाषेत 'मोटार वाहन' मानली जात नाही. आपल्या पुण्यातली एआरएआय, ती कोथरूडच्या टेकडीवरची, अशीच एक चाचणी संस्था.

ऐकायला किती साधं वाटतं! पण गंमत अशी की रस्त्यावरच्या सुरक्षेचा आपला जवळजवळ सगळा कायदा या 'मोटार वाहन' नावाच्या एका खुंटीला टांगलेला आहे. खुंटी काढली की सगळंच खाली.

बघा काय काय पडतं. लायसन्स पडतं, त्यासोबत वयाची अट पडते. नोंदणी पडते, म्हणजे नंबरप्लेट नाही. हेल्मेटची सक्ती मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ मध्ये आहे, चार वर्षांवरच्या प्रत्येकाला. तीही इथे लागत नाही. थर्ड पार्टी विमा कलम १४६ मध्ये. तोही नाही.

आणि शेवटचं, जे मला हॉस्पिटलच्या बाकावर बसल्यावर कळलं. रस्त्यावर मोटारीने उडवलं, तर भरपाईसाठी मोटार अपघात दावा न्यायाधिकरण असतं. धडक देऊन पळून गेलेल्या अज्ञात गाडीसाठीसुद्धा सोय आहे, मृत्यू झाला तर दोन लाख, गंभीर जखमेला पन्नास हजार. पण हे सगळं 'मोटार वाहना'च्या अपघाताला. लो-स्पीड गाडीने उडवलं तर? साधा दिवाणी दावा लावा आणि तारखा मोजा.

अगदीच जंगलराज आहे असं नाही, हेही सांगतो. भारतीय न्याय संहितेचं कलम २८१ बेदरकार वाहन चालवण्याबद्दल आहे आणि त्यात 'कोणतंही वाहन' येतं. म्हणजे पोलीस गुन्हा नोंदवू शकतात. पण गुन्हा नोंदवून हॉस्पिटलचं बिल भरलं जात नाही.

पण गाडी खरंच पंचवीसची होती का?

इथे गोष्ट वळते. मुलगा दोन दिवसांनी आला आणि खाली मान घालून म्हणाला, "दादा, गाडी पंचेचाळीसला होती."

गाडी घेतल्यावर महिन्याभरात त्याने एका गॅरेजमध्ये पाचशे रुपये देऊन ती 'खोलून' घेतली होती. हा शब्द तुम्हाला माहीत असेल. बऱ्याच लो-स्पीड गाड्यांमध्ये मोटर मुळात जास्त धावू शकते, तिला कंट्रोलरने अडवून ठेवलेलं असतं. तो अडसर काढला की गाडी पळते. आईला पत्ता नव्हता. ती म्हणायची, "पोरगं हल्ली लवकर येतंय घरी."

आता आकड्यांत बघू. वेग २५ चा ४५ झाला, म्हणजे दुप्पटही नाही. पण धडकेचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणून तो सव्वातीन पट होतो. अजून सोपं सांगतो. ताशी २५ ने डोकं आपटणं म्हणजे साधारण अडीच मीटरवरून पडणं. ताशी ४५ ने आपटणं म्हणजे आठ मीटरवरून, म्हणजे दुसऱ्या मजल्याच्या खिडकीतून. ब्रेक लावायला एक सेकंद उशीर झाला, तर २५ ला गाडी सात मीटर पुढे जाते, ४५ ला साडेबारा. आणि या गाड्यांचे ब्रेक, टायर, फ्रेम तपासलेले असतात पंचवीससाठी.

बरं, अडसर काढल्यावर कायद्याचं काय होतं? सुटीच्या अटी मोडल्या, म्हणजे सूट गेली. त्याच क्षणी ती गाडी 'मोटार वाहन' होते. आणि तेही कसं, तर नोंदणी नसलेलं, विमा नसलेलं आणि लायसन्स नसलेल्याने चालवलेलं. मग २०१९ च्या दुरुस्तीनंतरचे दंड एकेक करून लागतात. बिनालायसन्स पाच हजार. विना नोंदणी पाच हजारांपर्यंत. विमा नाही म्हणून दोन हजार किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद. मालकाने गाडीत बदल केला म्हणून प्रत्येक बदलामागे पाच हजार किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद.

आणि चालवणारा अल्पवयीन असेल तर कलम १९९अ. पालक किंवा मालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार दंड. आपल्याला माहीतच नव्हतं हे सिद्ध करायची जबाबदारी पालकाचीच.

हे काही नुसतं पुस्तकातलं नाही. मे २०२२ मध्ये महाराष्ट्राच्या परिवहन विभागाने अशा बदल केलेल्या ई-बाईक्सविरुद्ध मोहीमच काढली होती.

आता माझ्या जागी बसून बघा. मी पोलिसांत जाऊन सगळं सांगितलं, तर डबे करणारी ही बाई तीन वर्षांच्या कलमाखाली येते. नाही सांगितलं, तर कायद्याच्या दृष्टीने फारसं काही घडलेलंच नाही. बाबांना विचारलं. पलंगावर पडल्या पडल्या म्हणाले, "तिला आत टाकून माझं हाड जुळणार आहे का?"

मला त्या दिवशी जे कळलं ते एवढंच. आपल्या कायद्यात या गाडीसाठी एक तर शून्य आहे, नाही तर तीन वर्षं. मधली पायरीच नाही. आणि मधली पायरी नसली की कोणीच पायरी चढत नाही. पोलीस दुर्लक्ष करतात, शेजारी मिटवून घेतात, आणि बिल ज्याला लागलं तोच भरतो.

नवा मसुदा काय म्हणतो?

आता बातमीकडे येऊ. २३ जून २०२५ ला केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने दुचाकींसाठी नियमदुरुस्तीचा मसुदा काढला. त्यात दोन मोठ्या गोष्टी आहेत.

पहिली, १ जानेवारी २०२६ पासून बनणाऱ्या 'एल-२' वर्गाच्या, म्हणजे जास्त वेगाच्या सगळ्या दुचाकींना एबीएस. जोरात ब्रेक दाबला की चाक लॉक होऊन गाडी घसरते, ते एबीएस होऊ देत नाही. दुसरी, नवी दुचाकी विकताना कंपनीने एक नाही, दोन हेल्मेट द्यायची, आयएसआयवाली. एक चालवणाऱ्याला, एक मागच्याला.

चांगलंच आहे. २०२२ चा सरकारी अहवाल बघा. त्या एका वर्षात देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं गेली. त्यांतली जवळपास ४५ टक्के दुचाकीवरची. आणि हेल्मेट नसलेली ५०,०२९. म्हणजे रोज १३७. असा एखादा दिवस उजाडतच नाही की हा आकडा वाचून झाला आणि विषय संपला.

पण आमच्या गेटबाहेरच्या त्या वळणापर्यंत हा मसुदा पोचतो का? नाही. मोटार वाहन नियमांचा मसुदा आहे, आणि आपली लो-स्पीड गाडी मोटार वाहनच नाही. वहिनीने उद्या नवी गाडी घेतली, तर तिला दोन काय, एक हेल्मेट द्यायचंही बंधन नाही.

इथे एक घोळ मिटवतो. एप्रिलमध्ये राज्याच्या मंत्रिमंडळाने ई-बाईक टॅक्सीला मंजुरी दिली, तेव्हा कमेंटमध्ये अनेकांनी विचारलं की आता लो-स्पीडवर प्रवासी घेता येतील का. नाही येणार. 'ई-बाईक' हा शब्द आपण सगळ्यांनाच लावतो, पण टॅक्सीची गाडी ही नोंदणी केलेली, परवान्याची गाडी. तुमची क्लासची गाडी वेगळी.

बाकीच्यांनी मधली पायरी कशी बांधली?

मी शोधत होतो की पंचवीस आणि अडीचशेचा हा आकडा फक्त आपल्याकडेच आहे का. तर नाही. युरोपात पेडल मारून चालणाऱ्या ई-सायकलसाठी हाच आकडा आहे. सिंगापूरमध्येही हाच. फरक आकड्यात नाहीये, आकड्यानंतर काय मागतात त्यात आहे.

जर्मनी बघा. तिथे उभं राहून चालवायच्या ई-स्कूटरला जून २०१९ मध्ये रस्त्यावर परवानगी मिळाली. वेग २० पर्यंत. लायसन्स लागत नाही. वय किमान १४. म्हणजे आमच्या मुलालाही चालवता आली असती! पण एक गोष्ट सक्तीची आहे, विमा. गाडीच्या मागे छोटं स्टिकर लागतं, त्यावर नंबर असतो. दर वर्षी मार्चमध्ये नवं स्टिकर आणि रंग बदललेला. पोलिसाला लांबूनच कळतं, या वर्षीचा विमा आहे की नाही. आरटीओची रांग नाही, आणि धडक बसली तर बिल भरणारा कोणीतरी आहे.

सिंगापूर बघा. पेडलवाल्या ई-सायकलची ताकद २५० वॅट, वेग २५. २०१८ पासून मागे नंबरप्लेट. १ जानेवारी २०२२ पासून एक लेखी परीक्षा. गाडी चालवून दाखवायची नाही, नियम माहीत आहेत का एवढंच तपासतात. वय किमान १६. रस्त्यावर हेल्मेट लागतंच.

आणि वेळेत पायरी नाही बांधली तर काय होतं, त्यासाठी पॅरिस. भाड्याच्या ई-स्कूटर इतक्या वाढल्या, फुटपाथवर इतक्या पडल्या, की शहराने २ एप्रिल २०२३ ला मतदानच घेतलं. आठ टक्क्यांपेक्षा कमी लोक मत द्यायला आले, पण त्यांतल्या जवळपास ८९ टक्क्यांनी नको म्हटलं. त्याच सप्टेंबरपासून भाड्याच्या स्कूटर बंद. नीट वापरणाऱ्यांचीही सोय गेली. नियमाला उशीर झाला की चिडलेल्या लोकांना बंदीच सुचते.

"पण गरिबाच्या पोटावर पाय कशाला?"

हा प्रश्न माझ्या मित्राने विचारला आणि तो बरोबर आहे. तो डिलिव्हरी करतो. लो-स्पीड गाडी भाड्याने घेतलेली. म्हणतो, "लायसन्स लागायला लागलं तर गावाकडून आलेल्या निम्म्या पोरांचं काम जाईल. पेट्रोल परवडत नाही, म्हणून तर ही गाडी."

मान्य. सूट दिली त्यामागे हाच विचार आहे, की हलकी, हळू, स्वस्त गाडी सायकलच्या जवळची आहे. तिच्यावर मोटारसायकलचं सगळं ओझं लादू नये. ती सूट जावी असं मला अजिबात वाटत नाही.

पण मी त्यालाच विचारलं, "तुझ्या गाडीने कोणी पडलं तर?" तो गप्प बसला. मग म्हणाला, "पळून जाईन, दुसरं काय करणार?" हसण्यावारी नेलं त्याने, पण ते खरं होतं. ज्याच्या खिशात महिन्याचे पंधरा हजार आहेत, त्याच्यावर दोन लाखांचं बिल पडणार असेल तर तो थांबणार कसा? विमा त्याच्यासाठीसुद्धा आहे. त्याला थांबता यावं, यासाठी आहे.

आणि ऑर्डर लवकर पोचवायचा ताण त्याच्यावर कोणीतरी टाकतंच ना. गाडी 'खोलायला' हात गॅरेजवाल्याचा लागतो, कारण मात्र घड्याळ असतं. म्हणून नुसतं चालवणाऱ्याला धरून भागणार नाही. कायद्यात विक्रेत्यासाठी तरतूद आहेच, नियमाबाहेरची किंवा बदल केलेली गाडी विकली तर गाडीमागे एक लाखापर्यंत दंड. ती वापरली तर पाचशे रुपयांत गाडी खोलून देणारी दुकानं कमी होतील.

मी काय लिहून पाठवतोय

मसुद्यावर हरकती आणि सूचनांसाठी तीस दिवस असतात. कुठे पाठवायच्या, ते राजपत्रातल्या मसुद्यावरच छापलेलं असतं. कोणीही पाठवू शकतं, वकील लागत नाही, मराठीत लिहिलं तरी चालवून घ्यायला लावू. मी चार ओळी पाठवतोय :

१. पंचवीसच्या आतल्या थ्रॉटलच्या गाड्यांना लायसन्स नको, पण वर्षाचं स्वस्त विमा-स्टिकर हवं, नंबरासकट.
२. हेल्मेट सगळ्यांना. डोक्याला 'मोटार वाहन' कळत नाही.
३. वय किमान सोळा.
४. वेगाचा अडसर सहज काढता येणार नाही असा सीलबंद असावा, आणि काढून देणाऱ्यावर आधी कारवाई व्हावी.

पेडल मारावीच लागते अशा ई-सायकलींना यातून वगळा, असंही लिहिलंय. आज नियमात दोघी एकाच रांगेत बसतात. पाय थांबले की थांबणारी सायकल आणि मूठ पिळली की पळणारी स्कूटर यांत फरक आहे.

तुम्हाला पटत नसेल तर वेगळं लिहा, पण लिहा. ही गाडी तुमच्या वयाची पोरं चालवतात आणि मसुद्यांवर सूचना पाठवतात माझ्या बाबांच्या वयाचे लोक.

आणि नियम येईपर्यंत? गाडी घेताना दुकानदाराकडून चाचणी संस्थेच्या प्रमाणपत्राची प्रत मागा. 'लायसन्स लागत नाही' हे त्याचं तोंडी सांगणं पुरेसं नाही. बिलावर मोटरचे वॅट आणि कमाल वेग लिहून घ्या. जुनी गाडी घेत असाल तर मोकळ्या जागेत पूर्ण मूठ पिळून बघा. काटा पंचवीसच्या पुढे गेला, तर ती गाडी घेऊ नका, किंवा आधी पूर्ववत करून घ्या. वळणावर हॉर्न द्या, कारण तुमची गाडी ऐकू येत नाही. आणि हेल्मेट घाला, पोलीस पकडत नसले तरी.

शेवटी

बाबा आता काठी घेऊन चालतात. जिना अजून एकेक पायरी करत उतरतात. दूध मी आणतो.

वहिनीने गाडी पूर्ववत करून घेतली. आता ती स्वतः चालवते, हेल्मेट घालून. मुलगा डबे सायकलवर नेतो, जवळचे तेवढेच. दर महिन्याच्या पाच तारखेला ती वर येते आणि तीन हजार रुपये टेबलावर ठेवते. बाबा दर वेळी म्हणतात, "राहू दे गं." ती दर वेळी ठेवून जाते. हिशोब केला तर अडीच वर्षं लागतील.

वर्षाला काहीशे रुपयांचं एक स्टिकर असतं, तर तिला हा जिना चढावा लागला नसता. मला एवढंच म्हणायचं होतं.

तुमच्याकडे लो-स्पीड गाडी असेल तर तुमचा अनुभव व्हॉइस नोटने पाठवा, पुढच्या भागात ऐकवू. भेटू पुढच्या आठवड्यात. सावकाश जा.